कारणाचा रकाना

दर डिसेंबरात माझ्या टेबलावर येते
पुढल्या वर्षाच्या स्थानिक सुट्ट्यांची फाइल.
सिव्हिल लाइन्समधलं हे दगडी ऑफिस,
खिडकीत संत्र्याच्या साली वाळत घालणारा
शिपाई गेडाम,
आणि चार रकाने: तारीख, वार, नाव, कारण.

तान्ह्या पोळ्यापुढे आधीच्या बाईंनी लिहिलं होतं, परंपरा.
त्यांच्या आधीच्यांनीही.
मीसुद्धा सहा वर्षं तेच टाइप केलं.
शब्द लहान आहे, रकान्यात बसतो.

यंदा नव्या साहेबांनी त्याला पेन्सिलीनं गोल केला,
बाजूला बारीक अक्षरात:
नेमकी सुरुवात कुठून?

कुणी म्हणतं राजवाड्यातून,
कुणी म्हणतं राजा यायच्या कितीतरी आधी.
मला ठाऊक असलेली सुरुवात लकडगंजात आहे,
आरामशीनच्या मागे, भुशात.

माझा बाप झिबल वाढई तेव्हा विशीतला.
जंगलातून सागाचे ओंडके घेऊन बंड्या यायच्या.
त्यातली एक मोतीराम उईकेची.
पोळ्याला दोन दिवस होते.
मोतीरामनं जू उतरवलं
आणि तसाच उभा राहिला, जू हातात.
बैलाच्या खांद्यावरची कातडी
रुपयाएवढी निघाली होती.
माशा आधीच आल्या होत्या.

बैलानं मान वळवली नाही.
वळवली असती तर बरं झालं असतं,
असं बाप नंतर म्हणायचा.

मोतीराम खाली बसला, खुरांपाशी,
आणि एकच शब्द बोलला.
उपकार वगैरे नाही.
'चुकलो.'

रंधा थांबला. आरामशीन चालूच होती,
तरी बापाला ऐकू आलं.
तो घरी पळत गेला,
आईनं जपून ठेवलेलं वाटीभर तूप घेऊन आला, हळद घेऊन आला,
आणि आपण सुतार आहोत, बैल आपला नाही,
हे विसरून चोळत बसला.

त्या रात्री त्यानं उरल्या तुकड्यातून
पहिला लाकडी बैल कोरला.
शिंगं जमली नाहीत. शेपूट तर नव्हतंच.
पण खांद्यावर गोल पटाशीनं
एक खळगा केला, मुद्दाम.

मग दर साली. बडकस चौकात फळीवर ओळीनं मांडलेले बैल,
आणि गिऱ्हाईक बोट लावून म्हणणार,
'डागी हाय बे हा, दहा कमी कर.'
तो दहा कमी करायचा.
खळगा बुजवायचा नाही.

मी सात वर्षांची असताना बुजवला.
गल्लीतल्या पोरांचे बैल उंच, झुली, आरसे, घुंगरं,
आणि माझा हा, चाकं करकरणारा, खांद्याला खड्डा.
कणकेनं भरला, वरून कुंकू.
बोजारा चांगला जमला, एक वही, तीन चॉकलेटं,
मालतीबाई निखाऱ्यांकडून चक्क पाच रुपये.

बापानं बघितलं. रागावला नाही.
नखानं कणीक काढली,
माझा अंगठा धरला आणि त्या जागी ठेवला.
अंगठा नीट बसला.
'हात ठेवाले जागा हाय ते,' म्हणाला. 'बुजवू नोको.'

आता हे चौथ्या रकान्यात कसं मावणार?
टाइप केलं: एका माणसाला लाज वाटली म्हणून.
खोडलं.
टाइप केलं: उशिरा का होईना.
तेही खोडलं.
गेडाम म्हणाला, 'मॅडम, सुट्टी भेटते ना? मंग?'
आणि सालींची बाजू पालटायला गेला.

शेवटी परंपराच राहिली.
साहेबांची सही झाली, फाइल वर गेली.
त्याआधी मी खोडरबरानं तो गोल पुसला.
पेन्सिल गेली.
कागदावर वळ राहिला होता,
दिसत नव्हता,
बोटाला लागत होता.