विंगेतला माणूस

तीस वर्षं आडपईच्या जत्रेत
मी डाव्या विंगेत बसत आलोय.
मांडीवर वही, दोन सेलांची बॅटरी,
काचेवर लाल कागद, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून.
राजा अडला की मी राजा,
पोर गमावलेली आई अडली की तिचा हंबरडा मी,
सगळं कुजबुजीत.
मुकुंद मास्तर बजावायचे, सगुणा,
प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या कानापर्यंत.
त्याच्या पुढं गेला तर पाप.

मी पाप केलं नाही.
स्वतःच्या लग्नात नाव घे म्हणाले
तेव्हा सदरा पाठीला चिकटला.
शेवटी प्रेमावतीनंच दोघांची नावं घेतली.

यंदा मानशीच्या फळ्या कुजल्या.
भरतीला जुवारीचं खारं पाणी सरळ खाजनात येतं,
कोरगुटलासुद्धा सोसवेना.
ग्रामसभेत कुणीतरी बोलायला हवं, सगळे म्हणाले,
आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं,
का, तर माझ्याकडं वही असते.

आठ दिवस बांधावर जाऊन
बगळ्यांपुढं पाठ केलं.
बगळे कुणाचंच ऐकत नाहीत, म्हणून बरे.

रविवार, साडेदहा, शाळेचा हॉल.
कुणाला काही विचारायचंय?
सरपंचबाईंनी घड्याळ बघत विचारलं
आणि एक हात वर गेला. माझाच होता.
पोरानं माइक आणून दिला,
तो जिवंत काळुंदरासारखा बोटांतून निसटायला बघत होता.
दोन गुडघे, दोन वेगळ्या नाटकांतले.

सवयीनं डावीकडं पाहिलं.
तिथं लोखंडी कपाट. वर पाण्याचं पिंप.
माझं वाक्य धरून कुणी बसलेलं नव्हतं.

नाटकात मी मनात आकडे मोजतो.
तीनपर्यंत तो अभिनय असतो,
चारला समजायचं, नट अडला.
मी अकरापर्यंत मोजलं.
पंखा ऐकू येत होता.
मागं कुणीतरी खुर्ची सरकवली.

आणि दुसऱ्या रांगेतून रोहिदास,
आमचा कायमचा राजा,
ज्याला वीस वर्षांत एक प्रवेश धड पाठ झाला नाही,
तोंडावर हात धरून कुजबुजला:
"मानशीच्या तीन फळ्या..."

"चार," मी म्हणालो.
माइकमधून. अख्ख्या हॉलला.
"तीन नव्हे रे, चार.
डावीकडची तर नुसत्या शेवाळावर उभी आहे."

चुकलेलं वाक्य मला सोडून देता येत नाही.
मग पुढचं येत गेलं, वहीतलं नव्हे,
चिखलातलं, बोटांनी फळी दाबली की
भिजल्या पावासारखी आत जाते ते.
रात्री मासळीसाठी दारं कोण उघडी ठेवतं
तेही बोललो.
ते पहिल्याच रांगेत होते,
नाटकाच्या पडद्याचे पैसे त्यांनी दिलेत.
आवाज एकदा फाटला.
फाटका तसाच पुढं नेला.

इतिवृत्तात ओळ आली:
'एका ग्रामस्थाने मानशीबाबत विचारणा केली.'
सोमवारी पंचायतीत गेलो,
'एका'च्या जागी नाव घाला म्हणायला.
सेक्रेटरीबाईंपुढं सदरा परत पाठीला चिकटला.
म्हणालो मात्र.
त्यांनी पेन शोधायला बराच वेळ लावला.

फळ्या अजून आलेल्या नाहीत.
जत्रा आली.
दुसऱ्या अंकात राजा अडला, नेहमीच्याच जागी,
मी वाक्य दिलं,
आणि ते मांडवातल्या पहिल्या रांगेपर्यंत गेलं.
माणसं हसली.
पडदा पडल्यावर रोहिदास मुकुट काखेत मारून विंगेत आला,
"हळू मरे सगुणा," म्हणाला,
"राजा मी आहे."