सामान्यरूप

फेगडे सरांनी मे महिन्यात एकच मजकूर लिहून दिला
एकशे त्रेचाळीस दाखल्यांसाठी.
नावाच्या जागी नाव नाही, नुसते कंस:
«नाव» «वडिलांचे_नाव» «गाव».
मधे रेघ, कारण यंत्राला मोकळी जागा चालत नाही.
बोट लावलं की शब्द राखाडी होतो,
ओली पाटी सुकताना दिसते तसा.

एक्सेलमध्ये मुलं ओळीने उभी, प्रार्थनेला असतात तशी,
फक्त कोणी कोणाला चिमटा काढत नव्हतं.
मी बटण दाबलं.
कूलर घरघरत होता,
केळीचे ट्रक बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागत होते,
आणि पहिला दाखला उमटला:
'हा विद्यार्थी सावदाहून शिकण्यास आला होता.'

सावदाहून.
इथलं शेंबडं पोरही सावद्याहून म्हणतं.
(आणि आला होता कसला, भिंतीपलीकडे त्याचं घर.)
दुसरा चिनावलहून. ठीक.
तिसरा रोझोदाहून.
अकराव्या कागदावर हसीना तडवी
'आला होता'.

जुन्या छापील फॉर्मवर दोन्ही असायचं, होता तिरपी रेघ होती.
भारंबे अण्णा पट्टी लावून नको तो शब्द खोडायचे,
इतक्या हलक्या हाताने की
खोडलेलंही वाचता यायचं.

सहावीला वायकोळे बाईंनी शिकवलं होतं,
प्रत्यय लागण्याआधी शब्द जरा वाकतो,
त्याला म्हणायचं सामान्यरूप.
मी विचारलं, का वाकतो?
बाई फळा पुसत म्हणाल्या,
दारातून बाहेर पडायचं असतं ना त्याला.

यंत्रात कोणी वाकत नाही.
कंस उघडतो, गाव जसंच्या तसं आत जातं,
नव्या शर्टाच्या कॉलरसारखं ताठ,
आणि 'हून' त्याच्या शेजारी
अनोळखी पाहुण्यासारखं उभं राहतं.

जन्मतारीख मात्र एका झटक्यात जुळली.
पाड्यांवरच्या एकोणतीस जणांची
एक जून, एक जून, एक जून.
म्हणजे साचा काही संगणकाने आणलेला नाही.
कोण्या गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून कानाला लावून बघितला,
पोचला म्हणाले, आणि
मांडून टाकला जन्म.

साडेपाचला शिपायाने खिडक्या लावल्या.
मी तक्त्यात एक रकाना वाढवला, «गावाहून»,
आणि हाताने भरत बसले.
सावद्याहून. रोझोद्याहून. डोंगरकठोऱ्याहून.
चोपड्याहून लिहिताना बोटं क्षणभर थांबली,
ते माझं माहेर.
मग आला लंगडाआंबा, सातपुड्यातला पाडा.
त्यात आधी लंगडा वाकला, मग आंबा:
लंगड्याआंब्याहून.
एवढ्या वेळात आठच गावं झाली होती.

सर म्हणाले, वेळ वाचावा म्हणून शिकवलं ना तुम्हाला हे?
मी म्हटलं, हो सर.

दाखला न्यायला रायला बारेला आला,
वसतिगृहाची पत्र्याची पेटी बाहेर ठेवून.
वर्तणूक: चांगली. तिथे कंस नाही,
ती सगळ्यांची सरसकट चांगली.
अण्णांनी माझ्या भावाच्या दाखल्यावर लिहिलं होतं,
'हूड, पण खोटं बोलत नाही'.
तो कागद अजून आईच्या ट्रंकेत आहे.

रायलाने एकेक अक्षर पुटपुटत वाचलं,
ओठांनी वाट चाचपावी तसं.
जन्मतारखेवर हसला.
पुढच्या ओळीवर थांबला,
लं-ग-ड्या-आं-ब्या-हू-न.
काही चुकलं का रे?
नाही, म्हणाला, तिथूनच.

कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली,
आणि ऑफिसचं दार ठेंगणं म्हणून
बाहेर पडताना
मान थोडी खाली घेतली.