मागचा कप्पा

सदरच्या गल्लीत, परातेंच्या दुकानात,
तीन टाक्या ओळीनं मांडलेल्या:
पन्नास लिटर, पंचाहत्तर, सव्वाशे.
समुद्र एकीतही नव्हता.
एकीत चिकटपट्टीची रिळं, दुसरीत पंपांचे खोके,
तिसरीत त्यांच्या पोराची शाळेची बाटली.

पहिल्यांदाच घेतोय, म्हटलं, लहान द्या.
पराते हसले नाहीत.
"लहान समुद्र लवकर मरते, साहेब.
गोड्या पाण्यात चूक माफ होते.
खाऱ्यात पाणी जेवढं कमी
तेवढी चूक मोठी."

मग त्यांनी पंचाहत्तरवाली फिरवली,
भिंतीकडची बाजू माझ्याकडे केली.
काळ्या काचेमागे तीन अरुंद कप्पे:
पहिल्यात कापूस, दुसऱ्यात मातीच्या पोकळ नळ्या,
तिसऱ्यात मुठीएवढा पंप.
पुढचं पाणी कंगव्याच्या दातांतून मागे उतरतं,
निवळतं, परत पुढे येतं.
"सगळं यातच हाय. खाली दुसरी टाकी नाही,
पाइपांचा गुंता नाही.
पाहणाऱ्याले मागचं दिसतच नाही."

मी बराच वेळ मागचंच बघत राहिलो.
एकवीस वर्षं उपकेंद्रात, त्यातली निम्मी रात्रपाळीत.
शहर ज्या बाजूनं बघतात
त्या बाजूला मी क्वचितच असतो.

सवयीनं भार मोजला:
पंप आठ वॅट, दिवा चाळीस,
फेस काढणारा स्किमर पाच,
आणि मे महिन्यासाठी चिलर,
टाकीपेक्षा महाग, कूलरपेक्षा खादाड.
मनात सव्वाशेची होती, खरं सांगतो.
पण आमच्या टेबलाचे पाय मला माहीत आहेत,
आणि सव्वाशे लिटर म्हणजे सव्वाशे किलो,
वाळू-दगड वेगळे.
पन्नासच्या कोपऱ्यात सिलिकॉनमध्ये
एक बुडबुडा अडकलेला. बोटाला लागला.
पंचाहत्तर ठरली.

वैजूनं मिठाच्या बादलीवरची किंमत वाचली.
"एवढ्यात आपलं दहा वर्षांचं मीठ आलं असतं.
आणि समुद्र इथून किती लांब रे?"
जिकडे जाशील तिकडे लांब, मी म्हटलं.
पाणी तयार झाल्यावर तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.
"भाजी अशी झाली असती
तर ताट सरकवलं असतंस."

सहा आठवडे मासा सोडायचा नाही, परातेंनी बजावलेलं.
नुसते दगड, नुसती वाळू, निळा दिवा.
शेजारचे डोंगरवार मुद्दाम आले.
"मासे कोठी हायेत?"
येतील.
"मंग आत्ता काय पाहाले लावलं हे?"
मला उत्तर सुचलं नाही. चहा केला.

एप्रिलात रोज तांब्याभर पाणी उडायचं.
पाणी जातं, मीठ जात नाही.
म्हणून रोज सकाळी पाळीवरून आलो की
समुद्रात तांब्याभर गोडं पाणी.

विसाव्या रात्री वरून निरोप:
भार वाढलाय, सात नंबरचा फीडर बंद करा.
सात नंबरवर माझं घर.
ब्रेकर उघडला. वहीत लिहिलं, बारा बेचाळीस.
खाली सही.
मग घरी फोन लावला.

पलीकडे अंधार, आणि पाण्याचा आवाज.
"वरणाचा डाव घेतलाय," वैजू म्हणाली,
"पाणी हलवतेय. धुतलेला आहे,
साबण नाही लावला.
पण आत मासा तर नाही ना?"
नाही.
"मग कोण आहे?"
आहेत, दगडांवर. दिसत नाहीत.
"बरं," ती म्हणाली,
फोन तिथंच कुठंतरी ठेवला
आणि ढवळत राहिली.

मी फोन कानाशी धरून
समोरच्या सगळ्या सुया बघत होतो.
सातवी शून्यावर.