कारण निवडा

गुरुवारी अनीस येतो आर्णीहून,
मोटरसायकलला मागं पोतं बांधून.
"आज जड हाय ताई," म्हणतो, अन् नजर चुकवतो,
जसं काही त्यानंच घातलं आणि त्यानंच उसवलं.
आधी पाणी मागतो. मग सही.

सरकी-ढेपेच्या दुकानामागची ही खोली,
दहा बाय बारा. भिंतींनाही ढेपेचा वास.
कुर्त्यांना लागू नये म्हणून मी कापूर ठेवते,
तरी एकीनं लिहिलंच होतं:
कपड्याला म्हशीच्या गोठ्याचा वास येतो.
खोटं नव्हतं. पैसे परत केले.

ब्लेडनं टेप कापताना मोबाईल चालू पाहिजे,
हात दिसले पाहिजेत, डबा दिसला पाहिजे,
नाहीतर कंपनी म्हणते, तूच बदललं असशील.
पुतण्या प्रज्योत मोबाईल धरतो,
जांभई येते तेव्हा माझे हात वाकडे होतात.

निळी कुर्ती. कारण: रंग फोटोसारखा नाही.
फोटो दुपारी दोनच्या उन्हात काढलेला.
आमच्या इथल्या त्या उन्हात काय खरं दिसतं?

घागरा. कारण: आवडला नाही.
घेरात अक्षतांचे दोन तांदूळ,
कमरेला हळद,
टॅग आत मुडपून पिन लावलेला.
लग्नभर टोचला असेल गं तुला तो.
नाचता नाचता हात सारखा कमरेवर गेला असेल.

जायचे सत्तर, यायचे नव्वद,
माझे मधले पंचेचाळीस.
ढेपवाला हिशेब ऐकतो आणि विचारतो,
बाई, तू कपडे विकतेस
की त्यांना फिरायला पाठवतेस?

मग तो डबा. चपला, नंबर आठ.
आत वहीच्या पानावर चिठ्ठी:
"दोन्ही डाव्या आहेत. माझे पाय वेगवेगळे आहेत."

आठवली ती रात्र. लाइट गेलेली,
टॉर्च दातात धरून मी डबे भरत होते.
आणि एकदम घाम फुटला:
दोन डाव्या इथं आल्या,
म्हणजे दोन उजव्या कुठंतरी चालत असतील.
अन् तिथून हूं नाही की चूं नाही.

वही काढली. त्या रात्री आठ नंबरचे आणखी तीन.
घाटंजी: बरोबर.
दिग्रस: बरोबर, पण बायकोला पसंत नाहीत.
तिसरं नाव भिवसन कोडापे, मुकुटबनच्या अलीकडचं गाव.

फोन नातीनं उचलला, म्हाताऱ्याला दिला.
"आजोबा, तुम्हाला दोन्ही उजव्या आल्या का हो?"
बराच वेळ नुसता वारा.
"असं हाय का," म्हणाले.
"महिना झाला, मले वाटे
माहाच डावा पाय वाकडा झाला.
तेल चोळून घेतलं. एक डाव पट्टीबी बांधली."

"मग वापस काहून नाही केल्या?"
"घेतलेली वस्तू वापस देतेत काय?
अन् पायच वाकडा असन
तं चपलीनं काय करावं, बाई?"

मी हसले. हसू मध्येच राहिलं.

एक डावी पाठवून दिली.
बदल्यात काही मागितलं नव्हतं,
तरी दहा दिवसांनी पोस्टानं आली एक उजवी,
वर्तमानपत्रात, सुतळी करकचून बांधलेली,
तिकिटं त्यांच्याच पैशाची.
महिनाभर डाव्या पायात राहिलेली उजवी:
अंगठ्याचा खड्डा भलत्याच बाजूला,
टाच बाहेरून झिजलेली,
पट्ट्यावर तेलाचा डाग.
उरलेल्या कोऱ्या डावीशेजारी ठेवून पाहिली.
जोड म्हणावी तर जोड आहे.

नोंद करायला गेले तर पडदा विचारतो,
कारण निवडा.
लहान झालं. मोठं झालं. रंग वेगळा. आवडलं नाही.
मी खाली सरकवत जाते, पुन्हा वर येते.
प्रज्योत म्हणतो, काकू, "इतर" दाब ना.

बोट तसंच हवेत राहतं.
भिंतीपलीकडे कोणीतरी
ढेपेचं पोतं धपकन खाली टाकतं.