मराठी नाव :

पाटीवर चार ओळी.
मराठी नाव. इंग्रजी नाव. मूळ देश. खाद्य.
खालच्या तीन मी दुपारीच रंगवल्या,
काँगोच्या अर्धचंद्रावरचं टिंब ओघळलं, ते नखानं पुसलं.
पहिलीसमोर जागा सोडली.
साहेब म्हणाले, कळवतो.

फाइल फिरत होती.
कुणी लिहिलं पट्टेरी जिराफ,
कुणी रानघोडा,
मुख्यालयात कुणी शुद्धलेखन तपासताना
ओकापीतला काना खोडला
आणि कागद परत आला : ओ कपी.
घाडी पोट धरून हसला,
म्हणाला, मारुतीक हाक मारल्यासारख्या वाटता.

घाडी त्याचा राखणदार.
महिनाभर विलगीकरणाच्या दाराशी
रोज वेगळा पाला घेऊन उभा.
सुबाभूळ हुंगून सोडली,
शेवगा पायाखाली तुडवला.
एकोणिसाव्या दिवशी उंबराची डहाळी :
जीभ बाहेर आली, काळीनिळी,
वीतभर, मग आणखी वीतभर,
पानं गेली देठासकट.
घाडीनं तिथूनच घरी फोन लावला,
खाल्ल्यान गो, खाल्ल्यान.

खाद्याच्या ओळीत शेवटी मी
बारीक अक्षरात उंबर घातलं.
बिलात धरलं नाही.

उद्घाटनाला झेंडूच्या माळा.
ताशा नको म्हणून डॉक्टर पारकरबाईंनी हात जोडले,
तरी एक तुतारी वाजलीच.
तो आतल्या खोलीत गेला तो गेलाच.
फीत कापली. काचेपलीकडे
केळी, बांबू, सिमेंटचा ओढा,
धुकं सोडणाऱ्या नळ्या.
माणसं मोबाइल उंच धरून
रिकाम्या रानाचे फोटो काढत राहिली.
एक बाई म्हणाल्या, त्यापेक्षा पेंग्विन बरे,
निदान उभे तरी राहतात.

मी ब्रश घेऊन गोरखचिंचेखाली जाऊन बसलो.
हिलाही कुणीतरी तिकडूनच आणलं म्हणतात, गलबतातून.
कोणी, कधी, माहीत नाही,
हिची पाटी मी रंगवलेली नाही.
आपण तिला जोग्याचं नाव दिलं,
वर चिंचही म्हटलं, चिंच नसताना,
आणि तिनं ते चालवून घेतलं.
बुंध्याला टेकून नागपाड्याची पोरं
भेळेचा कागद चाटत होती.

सहाला शिट्ट्या झाल्या. बाग रिकामी.
घाडीनं दारात डहाळी धरली,
नाव नाहीच, तर नुसतं म्हणाला, ओ.
बराच वेळ काही नाही.
मग अंधारातून आधी कान आले,
पावसाळी छत्रीएवढे वाटले मला,
मग चॉकलेटी पाठ, ओली असावी अशी,
आणि वळला तेव्हा मांड्यांवरचे पट्टे.
इतक्या सरळ रेघा
मला पट्टी लावूनही येत नाहीत.

काचेवर त्याच्या श्वासाचा डाग उमटला, गेला.
घाडी काही बोलला नाही, मीही नाही.

साहेबांचं अजून आलेलं नाही.
डबीतला पांढरा साय धरतोय.
उद्या घोडपदेवला दुसरं काम आहे,
शाळेची भिंत, पाढे आणि फळं.
जाताना इकडून जाईन.