आवाज आला की बटण दाबा

शीवच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
एका खोलीच्या आत आणखी एक खोली आहे.
भिंतींना भोकाभोकांचा पत्रा,
दार जड, बंद होताना उसासा सोडणारं.
काचेच्या अलीकडे मी.
एकोणीस वर्षं तेच वाक्य:
आवाज आला की बटण दाबा,
अगदी बारीक आला तरी दाबा.

लोक दाबतात.
मी तारेतून काहीच सोडलेलं नसतं
तरी दाबतात.
चार सेकंद शांत गेले
की त्यांना वाटतं, हुकलं आपलं काहीतरी.
अंगठा आधी हलतो, कान मागून येतो.
मी कागदावर बारीक फुली मारते
आणि हसत नाही,
कारण माझाही अंगठा तसलाच.
चेंबूरला घरी पोचले की चपलांच्या आधी टीव्ही,
पोळ्या लाटताना ओट्यावर फोन,
त्यात कुणीतरी कुणाशीतरी भांडत असतं,
झोपताना पंखा पाचवर, डिसेंबरातसुद्धा.
शर्वरी बंगळुरूला गेल्यापासून घरात आम्ही दोघं
आणि मध्ये बातम्या.

मग एका मंगळवारी इनास तुस्कानो आले, वसईहून.
वय एकाहत्तर. गोदीत जहाजांचा गंज
ठोकून काढण्यात तीस वर्षं गेलेली.
आलेख जिन्यासारखा उतरत गेला
आणि शेवटी जिनाच संपला.
"कानात शिट्टी असते," म्हणाले,
"कुकरची. गॅस कुणी बंद करत नाही."

तपासणी झाली, मी दार उघडलं,
ते उठेनात.
"पाच मिनिटं बसू का, बाई?"
"आत ती शिट्टी जास्तच ऐकू येईल, काका."
"येते ना. बाहेर ती गर्दीत असते,
इथं ती एकटी, मी एकटा.
आधी राग यायचा फार.
आता विचारपूस होते."

बाकावर सतरा जण. कदम शिपाई घड्याळ दाखवतोय.
मी वहीत लिहिलं: यंत्र तापलं,
आणि दार लावून घेतलं.

त्या शुक्रवारी रांग संपल्यावर
मीच आत जाऊन बसले.
आधी काहीच नाही.
मग साडीची सळसळ, मग गिळल्याचा आवाज,
मान वळवली तर मणक्यात वाळू.
मग रक्त,
लांबच्या कुठल्यातरी गच्चीवर
पाण्याचा पंप चालू राहिल्यासारखं.
पावणेदोन मिनिटांत बाहेर आले, पाठ भिजलेली.

पुढच्या शुक्रवारी चार मिनिटं.
त्याच्या पुढच्या शुक्रवारी रडू आलं.
कारण सांगण्याएवढं मोठं नाही.
बाबांचा फोन आला होता एकदा, मी घाईत होते,
म्हटलं, नंतर बोलू.
एवढंच.
इतक्या वर्षांत ते वाक्य
कुठल्या गोंगाटाखाली ठेवलं होतं, मलाच माहीत नव्हतं.
मधला एक शुक्रवार नुसता कंटाळ्यात गेला,
तोही बसून काढला.

काल रात्री टीव्ही लावला नाही.
"रिमोट कुठंय?" यांनी विचारलं.
"आहे."
"काही झालंय का?"
"नाही."
"मग?"
"मग काही नाही."
ते बसले. खाकरले. चष्मा पुसला.
पाटणकरांकडे कुणीतरी शिंकलं, दोनदा.
माहुलच्या बाजूनं बारीक घरघर येत होती.
"रिफायनरी," ते म्हणाले, "रोज येते?"
मी म्हटलं, बहुतेक.

पुन्हा कुणी बोललं नाही.
बराच वेळ.
त्यांचा अंगठा सोफ्याच्या हातावर
एकदा हळूच दाबला गेला.
मी काही सोडलं नव्हतं.

फुली मारली नाही.