कारण : लिंबू

सेक्टर पन्नासच्या गेटवर वहीत लिहितो :
नाव, वेळ सव्वासात, गाडी नाही,
कुठे जायचं – बी विंगच्या पार्किंगमागे.
कारण – लिंबू.

वॉचमन दोनदा वाचतो. नवा आहे.
जुन्याला ठाऊक होतं, कुंपणाला टेकलेलं ते ईडलिंबू
आमच्या वाडीच्या बांधावरचं.
वाडी गेली, बांध गेला,
साडेबारा टक्क्यांच्या फाइलीवर दोन काका गेले,
झाड तेवढं कुणाच्या नकाशात आलंच नाही.

खडबडीत साल, मुठीत न मावणारं फळ.
दोन काढतो. तिसरं वॉचमनला देतो,
तो ते हुंगतो आणि वहीवर ठेवतो, पानं उडू नयेत म्हणून.

घरी जिताडा. दिवाळ्याच्या बंदरावरचा, खाडीचा.
भाव शेवंतीआत्याला सांगितलेला नाही.
तिला आता मोरलीवर बसवत नाही,
खुर्चीतून बघते. खवलं उडून तिच्या चष्म्यावर बसतं,
ती पुसत नाही.

तुकड्यांना मीठ, हळद, वर पिळलेलं फळ.
हात घातला तेव्हा कळलं
कुठे कुठे कापलंय :
अंगठ्याला एक चीर, तळव्यात काटा रुतल्याची जागा,
आणि करंगळीजवळ काहीतरी जुनं,
जे भरलं असं मी समजत होतो.

"झोंबतंय?"
"थोडं."
"झोंबू दे. जास्ती येल नको ठेवू मातर,
आंबटान मावरं आपसूक शिजतं, मंग तव्यावर रुसतं."
"किती वेळ?"
"उघाडीची दारं टाकून यायचं, तवर."

उघाडी. खाजणाच्या तोंडाशी होती,
भरती आली की दारं टाकायची, नाहीतर शेतात खारं पाणी.
आजा पळत जायचा, पळत यायचा,
आणि इकडे टोपात तुकडे मुरलेले असायचे.
आता तिथे लोक सकाळी पावलं मोजत चालतात.

चौथ्या मजल्यावरून कुठे जाऊन येऊ?
उभा राहून चाळणीतल्या बिया मोजल्या.
अकरा.
आत्याने हात पुढे केला, पदराच्या टोकात बांधल्या,
गाठ दातांनी ओढून घट्ट केली.
कुठे लावणार, मी विचारलं नाही.

"बघ आता," ती म्हणाली.
झाकण काढलं.
तुकड्यांच्या कडा पांढऱ्या होऊ लागल्या होत्या.